मोठे अक्षर मान देण्यासाठी नसते

संपादक महोदय,

मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. माजी विद्यार्थी नोकरीचे अर्ज नजरेखालून घालायला अजूनही पाठवतात. स्पेलिंग आता संगणकच सुधारतो. घोळ असतो तो कॅपिटल अक्षरांचा. ‘मॅनेजर’, ‘डिग्री’, ‘एक्स्पीरियन्स’... शब्द महत्त्वाचा वाटला, की केले पहिले अक्षर मोठे! आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे हा भेद मुद्दाम शिकवावाच लागतो.

वाक्याची सुरुवात आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ सर्वांना ठाऊक असतो. खरी गफलत नामांत होते. ‘इंग्लिश’, ‘फ्रेंच’ यांचे पहिले अक्षर मोठे; पण ‘हिस्टरी’, ‘मॅथेमॅटिक्स’ हे विषय वाक्यात सहजपणे आले तर लहान. वार आणि महिने मोठ्या अक्षराने, ऋतू मात्र लहान. ‘माय अंकल’मधला अंकल लहान, पण थेट हाक मारली की तोच मोठा, कारण तिथे तो नावाच्या जागी उभा असतो. हे एकदा उमगले, की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

1787 च्या अमेरिकी राज्यघटनेच्या हस्तलिखितात साधी नामेही मोठ्या अक्षरांनी लिहिलेली दिसतात. जर्मनमध्ये आजही सगळी नामे तशीच लिहितात. इंग्रजीने ती रीत केव्हाच सोडली.

माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे : मुलांना संपूर्ण लहान अक्षरांतला उतारा द्या, कॅपिटल त्यांना करू द्या आणि प्रत्येक ठिकाणी ‘का?’ असे विचारा.

— एक निवृत्त शिक्षिका