संजीवकाचा डोस सगळे सांगतात, ते झाडात जातं कुठे ते पण छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी जवळ आली की आपल्या पेपरच्या शेती पानावर संजीवकांचे, म्हणजे झाडाची वाढ बदलणाऱ्या हार्मोन्सचे, लेख सुरू होतात. जीए किती पीपीएम, सिक्स बीए घालायचं की नाही (ही दोन्ही संजीवकंच), डिपिंग करायचं, म्हणजे घड द्रावणात बुडवायचे, की नुसती फवारणी. लोक ते कापून ठेवतात, आमच्या दिंडोरी-निफाडकडे तर ठेवतातच. त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच पेपरच्या रविवार पुरवणीत पावसाळी भटकंतीचा लेख आला होता, त्यात अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या दगडांवर वाढणाऱ्या मॉसला, म्हणजे त्या मऊ हिरव्या थराला, मागासलेली, वाढ अर्धवट राहिलेली वनस्पती म्हणून एका ओळीत निकालात काढलंय. माझं म्हणणं असं की ही दोन पानं एकत्र वाचली पाहिजेत, कारण द्राक्षवाला ज्या गोष्टीशी वर्षभर खेळतो तिची जुनी गोष्ट त्या मॉसकडून कळते.

शेंडा खुडला की बगलफूट येते, म्हणजे बाजूचे कोंब फुटतात, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहितीये. त्याचं एक मोठं कारण म्हणजे ऑक्झिन, झाडाचं स्वतःचं हार्मोन. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ते तयार होतं आणि पेशीमागून पेशी करत खाली उतरतं, आणि तो प्रवाह चालू असेपर्यंत खालचे डोळे दबून राहतात. कोंबाच्या टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो हे डार्विन बाप-लेकांनी 1880 सालीच गवताच्या कोंबाला टोपी घालून दाखवलं होतं, पण तो जातो कसा हे कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. गंमत अशी की पेशीच्या बाहेरची बाजू जरा आंबट असते, तिथे ऑक्झिनच्या काही भागावर चार्ज नसतो त्यामुळे तो पेशीपटलातून आरामात आत शिरतो, आत आंबटपणा कमी, तिथे त्याच्यावर चार्ज येतो आणि मग ते अडकतं, आपलं आपण बाहेर पडू शकत नाही. बाहेर काढायला दार लागतं. हे दार म्हणजे पिन नावाची प्रोटीन्स. पेशीच्या ज्या बाजूला पिन बसलंय त्याच बाजूने ऑक्झिन बाहेर पडणार, आणि सगळ्या पेशींनी दारं एकाच बाजूला लावली की झाला प्रवाह. अरॅबिडॉप्सिस नावाच्या लॅबमधल्या लाडक्या रोपात यातला एक जीन बिघडला तर फुलोऱ्याचा दांडा नुसता टाचणीसारखा उभा राहतो, फुलंच येत नाहीत, नाव तिथूनच पडलं. तो जीन 1998 ला हाती लागला.

म्हणजे डोस हा अर्धाच मामला आहे, दिशा हा उरलेला अर्धा, आणि आपल्या शेती पानावर त्या दुसऱ्या अर्ध्याचा पत्ताच नसतो. टू-फोर-डी हे तणनाशक घ्या ना. ते बनवलेलं ऑक्झिनच आहे, शेजारच्याने तणासाठी मारलं आणि वारा आपल्याकडे असला की द्राक्षाची पानं अशी आकसतात की बघवत नाही. नेहमीचं ऑक्झिन झाड लगेच मोडून टाकतं किंवा पुढे ढकलतं, हे मात्र मोडायला जड जातं, साचून राहतं.

आता मॉसकडे येतो. दगडावर जो हिरवा मऊ थर दिसतो ती त्याची एकेरी गुणसूत्रांची (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) पिढी, आणि पावसाळ्यात त्यातून बारीक काडी वर येते जिच्या टोकाला एकच बोंड असतं ती दुहेरी गुणसूत्रांची. एक काडी, एक बोंड, फांदी नाही. आपल्या आंब्यापासून द्राक्षापर्यंत सगळी झाडं मात्र याच दुहेरी पिढीच्या फांद्या फुटून झालेली आहेत. मग फांदी आली कुठून? 2014 ला फिस्कोमिट्रेला नावाच्या मॉसवर झालेलं काम मला फार आवडतं. त्यात पिनचे जीन बंद केले तर हिरव्या पिढीतल्या पानांची वाढ बिघडली, आणि दुसरीकडे काही काड्यांना चक्क दोन फाटे फुटले, दोन टोकं, दोन बोंडं! आणि स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावात जे 40 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचे दगड झालेले जीवाश्म आहेत (1912 च्या सुमारास तिथल्या एका डॉक्टरला सापडले, विल्यम मॅकी नाव त्याचं, हौशी माणूस) त्यातली अग्लाओफायटन नावाची वनस्पती बघितली तर ना पान ना मूळ, नुसती दोन-दोन फाटे फुटत गेलेली काडी आणि टोकांना बोंडं. दिसायला जवळपास तेच.

इथे जरा सांभाळून बोलायला पाहिजे. मॉस हा द्राक्षाचा पूर्वज नाही, दोघांच्या वाटा फार पूर्वी वेगळ्या झाल्या आणि मॉससुद्धा तेवढीच वर्षं बदलत आलंय, म्हणूनच त्याला मागासलेलं म्हणणं मला पटत नाही. शिवाय पिन बंद केलं म्हणून जीवाश्मात पण तसंच घडलं असणार असं सरळ म्हणता येत नाही, फक्त ऑक्झिनच्या वाहतुकीत थोडा फरक झाला तरी अख्ख्या झाडाचा आकार बदलू शकतो एवढं नक्की दिसतं. त्यातही मॉसच्या हिरव्या भागात फांद्या कुठे फुटणार हे पिन ठरवतच नाही. 2015 च्या कामातून असं पुढे आलं की तिथे ऑक्झिन शेजारच्या पेशींमधल्या बारीक छिद्रांतून पसरतं आणि त्यावरून फांद्यांमधलं अंतर ठरतं. म्हणजे फांदी काढायची युक्ती निसर्गाने किमान दोनदा, दोन वेगळ्या मार्गांनी केली, हार्मोन तेच. हे वाचून मी तरी थक्क झालो.

आणि दगडातही ऑक्झिनच्या वाटेच्या खुणा राहतात. आजच्या झाडात फांदीच्या वरच्या अंगाला लाकडाचे धागे भोवऱ्यासारखे गोल फिरतात, कारण वरून येणारा प्रवाह तिथे अडतो. तसलेच भोवरे आर्किऑप्टेरिस नावाच्या, आता नामशेष झालेल्या झाडाच्या 37 कोटी 50 लाख वर्षं जुन्या लाकडात सापडलेत. हार्मोन कधीच विरून गेलं, पण ते कुठून कुठे वाहत होतं ते लाकडात उमटलेलं आहे.

तर विनंती एवढीच की या छाटणीच्या हंगामात डोसच्या तक्त्याशेजारी अर्धा कॉलम तरी हार्मोन झाडात कसं फिरतं यावर द्या, कुठल्याही कॉलेजच्या बॉटनीच्या सरांकडून लिहून घ्या, आणि भटकंतीच्या लेखात मॉसबद्दल लिहिताना आधी त्यांनाच एक फोन करा. अकरावीच्या पोरांनाही उपयोग होईल, त्यांच्या वह्यांमध्ये ऑक्झिन पाठ करायच्या यादीत असतं आणि मॉस वेगळ्याच धड्यात.

आपला,
एक वाचक, दिंडोरी रोड, नाशिक