पहिलीच्या मुलांना बोलते करणाऱ्या अंगणवाडीताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपले आभार शाळेच्या ओट्यावर बसूनही मानता आले असते. ते जाहीरपणे मानतो आहे, कारण आपण आमच्या वर्गात केलेले काम कोणत्याही नोंदवहीत आलेले नाही आणि पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या इतरांपर्यंत ते पोहोचावे अशी माझी इच्छा आहे.

अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातल्या आमच्या शाळेत येणारी बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. मध्य प्रदेशाची हद्द जवळ असल्याने आठवडी बाजारातली हिंदी त्यांच्या कानांवरून गेलेली असते, मराठीशी खरी गाठ मात्र पाठ्यपुस्तकातच पडते. कोरकू ही मराठी-हिंदीहून वेगळ्या अशा मुंडा कुळातली भाषा असल्यामुळे हिंदीभाषक मुलाला मराठी जशी अर्धीमुर्धी उमगते, तशी ती या मुलांना उमगत नाही. ‘चित्रात काय दिसते?’ या प्रश्नावर मान खाली घालणारे मूल मधल्या सुट्टीत सवंगड्यांना नदीवरच्या माशांची हकिकत हातवारे करत रंगवून सांगत असते. अशा मुलाला अबोल ठरवणे अन्यायाचे आहे.

अंगणवाडी सुटल्यावर आपण आमच्या वर्गात येऊ लागलात आणि मुलांना प्रथम कोरकूतच बोलू दिलेत. मोहफुले वेचायला कोण गेले होते, पहाटे कोणी उठवले, टोपली कोणाची आधी भरली, असे विचारत आपण त्यांच्याकडून सगळा प्रसंग काढून घेत होतात आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग मराठीत सांगायला लावत होतात. काय सांगायचे ते मुलांना आधीच ठाऊक असल्यामुळे नवे असत ते फक्त शब्द, आणि तेवढे ओझे सहा वर्षांच्या मुलाला पेलते. प्रश्न विचारल्यावर आपण थांबत होतात, हेही मला फार मोलाचे वाटते. उत्तर यायला उशीर झाला की ते स्वतःच देऊन टाकण्याची घाई शिक्षकी पेशात सार्वत्रिक आहे.

कोरकूत नामांचा भेद सजीव आणि निर्जीव असा होतो, मराठीसारखी तीन लिंगे तिच्यात नाहीत. म्हणून एखादा मुलगा ‘मी पाणी आणली’ म्हणाला, तर आपण त्याला अडवत नव्हतात. ‘अरे वा, तू पाणी आणलेस? कुठून आणलेस?’ असे विचारून आपण गप्पा पुढे नेत होतात, त्यामुळे योग्य रूप त्याच्या कानावर पडे आणि चारचौघांत चुकल्याची लाजही त्याला वाटत नसे. तेच मूल आज परिपाठात उभे राहून बातमी सांगते.

लहान वर्गांतल्या मुलांना वाचन-लेखन आणि अंकज्ञान यावे म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाने मौखिक भाषेलाही उद्दिष्टांत स्थान दिले आहे, परंतु तपासणीच्या वेळी विचारणा होते ती तिसरीचे मूल मिनिटाला ६० शब्द वाचते का, याचीच. वाचनाचा वेग घड्याळ लावून मोजता येतो, बोलणे तसे मोजता येत नाही, आणि त्यामुळे ते वेळापत्रकातूनच हद्दपार होते, असे माझे स्पष्ट मत आहे. डहाणूजवळच्या बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी काम सुरू केले, तेव्हा शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्याची वाट त्यांनी दाखवली. आपण त्याच वाटेवरच्या आहात, हे कदाचित आपल्याला कोणी सांगितले नसेल.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतील आणि नवी पहिली येईल. अंगणवाडीच्या मानधनात न बसणारे हे काम आपल्याकडून पुन्हा विनामोबदला करून घेणे मला पटत नाही. म्हणून आपला वेळ वेळापत्रकात नोंदवावा आणि त्याचा मोबदला मिळावा, असा विषय मी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीसाठी दिला आहे. त्या बैठकीला आपण यावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
पहिलीचा वर्गशिक्षक