नव्या डिझेल गाडीचा दिवा विझवून भागत नाही

संपादक महोदय,

वर्ष-दीड वर्ष वापरलेली डिझेल गाडी. इंजिनचा पिवळा दिवा लागतो, पिकअप मरतो, गाडी सर्व्हिस सेंटरला जाते, संध्याकाळी धुऊन-पुसून परत मिळते आणि पंधरा दिवसांत तोच दिवा पुन्हा पेटतो. ही तक्रार घेऊन आम्हा डिझेल दुरुस्ती करणाऱ्यांकडे येणारे मालक आता नेहमीचे झाले आहेत. आमचे मत असे की, यातल्या बऱ्याच गाड्या दुरुस्त होतच नाहीत. गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, म्हणजे कोड, तेवढा पुसला जातो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि डिझेल कारच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. त्यासाठी सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा जाळीदार फिल्टर आला. अडवलेली काजळी जाळावी लागते आणि त्याला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागते. हायवेवर ते सहज मिळते. राजारामपुरीतून महाद्वार रोड, तिथून घर, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड गरमही होत नाही. मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जादा डिझेल मारून फिल्टर तापवायला घेतो आणि नेमके त्याच वेळी आपण पार्किंगमध्ये चावी फिरवतो.

असे अर्धवट जाळणे चार-सहा वेळा झाले की, बहुतेक गाड्यांत न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. गाडी सपाट जागी थंड असताना डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढून पुसा, परत घालून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेले असेल, बोटावर घेतल्यावर पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ‘ऑइल फुल्ल आहे, काळजी नको’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. ऑइल वाढणे हा आजार आहे. पातळ ऑइलने आधी टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) बेअरिंग जाते, मग इंजिनचे. ऑइल आणि फिल्टर लगेच बदलून घ्यावा. ऑइल कमी राखेचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचेच हवे. काजळी जळते, पण ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची बसते.

जाळणे सुरू असल्याची लक्षणे ओळखता येतात. न्यूट्रलला इंजिनचे फेरे नेहमीपेक्षा शे-दोनशेने वाढतात, पंखा जोरात फिरतो, मीटरवरचे ॲव्हरेज अचानक पडते. त्या वेळी गाडी बंद करू नये. डीपीएफचा दिवा लागला, तर तावडे हॉटेलहून हायवेने कागलच्या दिशेने किंवा जिथे रस्त्याचे काम आणि कोंडी नाही अशा बाजूला, ६० ते ८० च्या वेगात आणि २००० च्या वर फेरे ठेवून १५-२० मिनिटे चालवावी. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल असावे. इंधन कमी असल्यास अनेक गाड्या जाळायला सुरुवातच करत नाहीत. मात्र इंजिनचाही दिवा लागून गाडीने ताकद तोडली असेल, तर हा प्रयोग नको. थेट वर्कशॉप गाठावे.

आता खरा मुद्दा. हायवेला नियमित पळणाऱ्या गाडीचाही फिल्टर काहीशे किलोमीटरात पुन्हा भरत असेल, तर ‘तुम्ही गाडी शहरात चालवता’ हे कारण चालणार नाही. काजळी जास्त का होते, हे शोधले पाहिजे. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) अडकला आहे का, टर्बोचा होज म्हणजे हवेची नळी चिरली आहे का, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारे डिझेल चारही सिलिंडरला सारखे आहे का? थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या थंड पाण्याची वाट उघड-बंद करणारी झडप, उघडाच राहिला असेल, तर इंजिन तापतच नाही आणि ईसीयू जाळायची परवानगी देत नाही. डीपीएफच्या दाबाच्या सेन्सरला जाणाऱ्या बारीक नळ्याही बघायला हव्यात. त्यातली एक चिरली किंवा तुंबली, तरी चांगला फिल्टर भरलेला दिसतो. हे न तपासता डीपीएफ बदलला, तर नवाही तसाच भरणार.

एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार दिवे एकदम लागत असतील, तर आधी बॅटरी आणि अर्थिंग बघावे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन सुरू असताना चार्जिंग साधारण १३.८ ते १४.५.

बिघाड कुठे शोधायचा ते कोड सांगतो, कुठला भाग बदलायचा ते नाही. पी २४६३ म्हणजे फिल्टरमध्ये काजळी साचली, पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून वायू कमी वाहतो, पी ००८७ म्हणजे रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, इंधनाचा दाब कमी. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनवरचा भार यांचीही नोंद असते आणि कोड पुसला की तीही जाते. म्हणून पुसण्याआधी स्कॅन रिपोर्टची प्रिंट मागावी. जॉबकार्डवर, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर भरते त्या कामाच्या कागदावर, ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नये. ‘तिसऱ्या गिअरला चढावर ताकद तुटते, गाडी गरम असताना, आठवड्यातून दोनदा’ असे आपल्या शब्दांत लिहून घ्यावे. किलोमीटर, गाडी दिल्याची आणि मिळाल्याची तारीख, बदललेला भाग, सगळे कागदावर हवे. बिघाड सापडला नाही म्हणून गाडी परत दिली, तर तसेही लिहून मागावे. वॉरंटीतली गाडी बाहेर उघडू नये, आमच्याकडेसुद्धा नाही. स्कॅन करून घ्यायला हरकत नाही.

हेच कागद पुढे उपयोगी पडतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. ग्राहकाने ५० लाखांपर्यंत किंमत दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे चालतात. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करावे. आयोग गाडी तज्ज्ञांकडून तपासून घेऊ शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

कंटाळून काही जण डीपीएफ पोकळ करून ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून घेतात. वॉरंटी तर जातेच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि तो धूर आपल्याच गल्लीतली पोरे ओढतात.

शहरातील विक्रेत्यांना दोन विनंत्या आहेत. बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला रोजचे रनिंग विचारा आणि ते पाच-सात किलोमीटर असेल, तर पेट्रोल गाडी दाखवा. आणि दिवा लागून आलेल्या प्रत्येक गाडीच्या जॉबकार्डला, न मागता, कोड पुसण्याआधीच्या स्कॅनची प्रिंट जोडा.

— डिझेल दुरुस्तीच्या कामातील काही वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर