मोठा सेट आत्ताच घेऊ नकोस

जळगाव,
८ डिसेंबर

प्रिय भाऊ,

कसा शेस? काकूंच्या गुडघ्याचं दुखणं आता कमी असेल. त्यांना माझा नमस्कार सांग.

परवा फोनवर तू म्हणालास की हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याचा अभ्यास सुरू केलास, आणि त्याच दमात म्हणालास की शंभर वॅटचा सेट बघून ठेवलाय, बोनसमध्ये थोडी भर घातली की घरी येतो. मी तेव्हा ‘बघू’ एवढंच म्हटलं. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. तू या छंदात येतोयस याचा मला किती आनंद झालाय ते तुला ठाऊक आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. तो सेट आत्ताच घेऊ नकोस. आधी पाच वॅट घे आणि मोर्स, ती टिंब-रेघांची लिपी, शीक.

गणित पहिल्यांदा उरकतो. शंभर वॅटवरून पाच वॅटवर आलं की शक्ती वीसपट घटते. ऐकू येणं मात्र तेवढं घटत नाही. रिसीव्हरवर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरची एक पायरी सहा डेसिबलची धरतात, आणि वीसपट घट म्हणजे तेरा डेसिबल. म्हणजे दोन पायऱ्यांहून किंचित जास्त. शंभर वॅटवर जो समोरच्याला एस-नऊ ऐकू येतो, तो पाच वॅटवर एस-सातच्या जरा खाली येतो, बस्स. त्यात मोर्सला जागा किती थोडी लागते बघ. बोलण्यासाठी रिसीव्हरचा पट्टा साधारण २,४०० हर्ट्‌झ रुंद ठेवावा लागतो, मोर्सला २५० हर्ट्‌झही पुरतो. पट्टा एवढा आवळला की जवळजवळ दहा डेसिबल गोंगाट बाहेरच राहतो. तेरा गमावले, दहा परत मिळाले. शंभर वॅटने बोलणारा आणि पाच वॅटने की (मोर्सची कळ) दाबणारा यांच्यात उरलेलं अंतर तुला वाटतं त्यापेक्षा फार लहान आहे.

आपल्या घरी देवघरात झिरोचा बल्ब असायचा ना, तो १५ वॅट खायचा. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर माणसं समुद्र ओलांडतात. मोर्ससाठी पाच वॅट ही मर्यादा जगभरचे क्यूआरपीवाले, म्हणजे मुद्दाम कमी शक्तीवर काम करणारे हॅम, पाळतात. इंग्लंडमध्ये जॉर्ज डॉब्स नावाच्या धर्मगुरूंनी १९७४ साली याच वेडाच्या लोकांचा जी-क्यूआरपी क्लब काढला आणि तो पुढे देशोदेशी पोचला. अमेरिकेतला क्यूआरपी क्लब तर दर वॅटला हजार मैल गाठणाऱ्याला प्रशस्तिपत्र देतो. जळगावहून रोम सव्वासहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. पाच वॅटवर ते अंतर कापलं तर वॅटमागे साडेबाराशे किलोमीटर पडतात, म्हणजे हजार मैल भरत नाहीत. साडेतीन वॅटवर कापलं की भरतात. शक्ती कमी करत नेण्यात काय ओढ असते, ती या आकड्यात आहे.

गेल्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ सांगतो. गच्चीवर होतो, १४.०६० मेगाहर्ट्‌झवर. क्यूआरपीवाले याच जागेच्या आसपास जमतात. इटलीतलं एक स्टेशन सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का?’ अशी हाक, देत होतं. सिग्नल चढायचा आणि काही सेकंदांत विरून जायचा. मी लगेच की दाबली नाही. त्याचा चढ-उतार ऐकत बसलो. किती वेळ वर राहतो, कधी बुडतो, हे कानात बसल्यावर चढ सुरू होताना माझं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, दिलं. पलीकडून नुसतं प्रश्नचिन्ह आलं. पुन्हा दिलं. आता ‘व्हीयू’ आणि प्रश्नचिन्ह. म्हणजे भारत आहे एवढं त्याला कळलं होतं! त्याने दुसऱ्या कुणाला घेतलं नाही. सावकाश, अक्षरांमध्ये जास्त जागा सोडून मला पुन्हा द्यायला लावलं आणि पूर्ण कॉलसाइन परत पाठवलं. रिपोर्ट दिला ३३९. म्हणजे मोठ्या कष्टाने वाचता येतोय, सिग्नल अशक्त आहे, पण स्वर स्वच्छ आहे. भाऊ, त्या ३३९ ची किंमत मला शेकडो ५९९ पेक्षा, म्हणजे अगदी उत्तम रिपोर्टांपेक्षा, जास्त आहे. स्पर्धांमध्ये सगळे सगळ्यांना डोळे मिटून ५९९ देतात, ते मला पटत नाही. कमी शक्तीवर काम करणाऱ्याने खरा रिपोर्ट द्यावा आणि खराच मागावा. ज्या माणसाने मला कधी पाहिलं नाही, त्याने आपला कान ताणून मला गोंगाटातून उचललं, हे त्या तीन आकड्यांत लिहिलेलं असतं.

शंभर वॅट असते तर मी ऐकलंच नसतं, सरळ हाक मारली असती. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. शक्ती थोडी असली की बँड, म्हणजे फ्रीक्वेन्सीचा पट्टा, कधी उघडतो, समोरचा कधी श्वास घेतो, गर्दी कुठे कमी आहे, हे शिकावंच लागतं. शक्ती नंतर कधीही वाढवता येते. हा कान मात्र सुरुवातीलाच तयार झाला तर होतो, नंतर त्यासाठी बसायला कुणाला धीर राहत नाही. आमच्या क्लबात मी हे बघतो आहे.

आता पैसे कुठे घालायचे ते सांगतो. तारेत. सात मेगाहर्ट्‌झच्या डायपोलला, म्हणजे दोन हातांच्या साध्या अँटेनाला, साधारण वीस मीटर तांब्याची तार लागते, दहा-दहा मीटरचे दोन हात. मध्यभाग वेळूवर उंच, टोकं दोन्हीकडे खाली उतरती. तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एवढी जागा नसेल तर बारीक इनॅमल तार गच्चीवरून झाडाकडे सोड, सोसायटीला दिसणारही नाही. चांगल्या कोअॅक्स केबलीत काटकसर करू नकोस. मग बॅटरी. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाची. पाच वॅटचा साधा मोर्सचा सेट पाठवताना अँपिअरच्या आसपासच ओढतो आणि ऐकताना तर अगदीच किरकोळ, त्यामुळे एका चार्जवर अख्खा दिवस निघतो.

बॅटरीचं एक वेगळं सुख आहे, ते खान्देशात राहणाऱ्यालाच कळेल. शहरात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, चार्जर, सगळे मिळून बँडवर अशी खरखर धरतात की अशक्त सिग्नल त्याखाली गाडले जातात. मग लाइट जाते. पंखे थांबतात, गल्लीत ओरडा होतो, आणि माझ्या हेडफोनमध्ये ती खरखर एकदम खाली बसते. जिथे काहीच नव्हतं तिथे चार-पाच स्टेशनं उभी राहतात. रावेरकडे मामांच्या केळीच्या मळ्यात तर रात्री मोटारी बंद असल्या की एस-मीटरचा काटा जागचा हलत नाही. तिथे मी तासन्‌तास नुसता ऐकत बसतो.

आणि आपली जागाही साधी नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणूनच १९६३ साली पहिलं रॉकेट थुंब्याहून उडवलं. दिवसभरात त्या रेषेवरच्या उंच वातावरणातले इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना उतरतात. उत्तरेकडे त्यांची सर्वांत दाट गर्दी अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात होते. आपलं खान्देश त्याच्या किंचित दक्षिणेला. त्यामुळे आपल्या डोक्यावरचा एफ थर (रेडिओलहरी परत खाली वळवणारा) चांगला घट्ट असतो, वरचे बँड बरेच चालतात; आणि सूर्यास्तानंतर त्याच थरात खळबळ माजली की सिग्नल थरथरायला लागतात. तो थरथरता स्वर एकदा ऐकलास की विसरणार नाहीस. सात मेगाहर्ट्‌झची गोष्ट वेगळी. दिवसा खालचा डी थर ती लहर गिळून टाकतो, जवळपासचेच ऐकू येतात. दिवस कलला की पूर्वेकडची स्टेशनं आधी येतात, कारण तिकडे अंधार आधी पडतो. युरोप रात्री उशिरा.

शिकायचं कसं, हे मला आमच्या क्लबातल्या आप्पांनी शिकवलं. आप्पांनी उभं आयुष्य भुसावळला रेल्वेच्या तारखात्यात काढलं. तारेवर स्वर नसतो, साउंडरचे नुसते कट्ट-कट्ट ठोके असतात, आणि दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून अक्षर ओळखायचं. निवृत्तीनंतर रेडिओवर आले तेव्हा त्यांना तेच अक्षर शिट्टीसारख्या स्वरात नव्याने ओळखावं लागलं. त्यांनी ते त्या वयात केलं. २०१३ च्या जुलैत देशाची तारसेवा बंद झाली त्या दिवशी ते क्लबात आले, कीसमोर बसले आणि कुणाशी न बोलता बराच वेळ पाठवत राहिले. त्यांचा हात असा आहे की कॉलसाइन यायच्या आधीच आम्हाला कळतं, आप्पा आलेत.

आप्पांचं सांगणं एकच: तक्ता भिंतीवर लावू नकोस. टिंब आणि रेघ डोळ्यांनी पाठ केली की कान आधी टिंबं मोजतो, मग तक्ता शोधतो, आणि तोवर पुढचं अक्षर निघून गेलेलं असतं. लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात सुचवलेली पद्धत धर. पहिल्या दिवसापासून अक्षर पूर्ण वेगाने ऐकायचं, पण दोनच अक्षरं घ्यायची. शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरं. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगात टिंब साठ मिलिसेकंदांचं असतं, रेघ त्याच्या तिप्पट. एवढ्या वेगात मोजता येतच नाही, अक्षर अख्खं ऐकावं लागतं. अक्षरांमधली जागा हवी तेवढी वाढव, अक्षर मात्र ताणू नकोस. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. परवाना हातात येईपर्यंत अँटेनावर काही पाठवायचं नाही, साइडटोनवर, म्हणजे सेटच्या आपल्यालाच ऐकू येणाऱ्या स्वरावर, सराव कर. ऐकायला काय, रोज ऐक. २००३ च्या जिनिव्हाच्या परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून टाकली. तेव्हापासून जगभर जो शिकतो त्यातला बहुतेक जण आवडीने शिकतो, आणि बँडवर त्यामुळेच माणसं फार सांभाळून घेतात. तू हळू पाठवलंस तर समोरचाही हळू होतो. हे मी इतक्यांदा अनुभवलंय की छातीठोक सांगतो.

सेट विकत घेण्यापेक्षा जोडता आला तर उत्तमच. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी बिटएक्स नावाचा छोटा सेट रचला, तो मुळात बोलण्यासाठीचा आहे, पण त्याची दृष्टी बघ: कॉइल गुंडाळायचे बाहेरचे महागडे कोअर मिळत नाहीत म्हणून त्यांनी नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळली आणि टीव्हीचे बालुन वापरले. कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळेल तेवढ्यावर सेट उभा राहिला आणि जगभर लोकांनी तो जोडला. आपल्याकडे एक काळजी मात्र घ्यावी लागते. मे महिन्यात पत्र्याखाली पंचेचाळीस अंश असतात, तेव्हा घरी जोडलेल्या सेटचा ऑसिलेटर ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवरून सरकत जातो आणि समोरचा तुला शोधत राहतो. उष्णतेने फारसे न बदलणारे एनपीझिरो जातीचे कपॅसिटर घाल आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर बस. तसंही वळवाच्या दिवसांत दुपारनंतर विजांची तडतड इतकी असते की काही हाती लागत नाही, आणि ढग गडगडले की तार सेटपासून सोडवायची, तिथे हयगय नाही.

जानेवारीत क्लब तोरणमाळला जातोय. जागेची परवानगी रीतसर काढली आहे. शहाद्याहून घाट चढून वर गेलं की उंची साधारण साडेअकराशे मीटर, रात्री बोचरी थंडी, आणि दक्षिणेला सातपुड्याचा उतार थेट तापीच्या खोऱ्याकडे. जमीन अशी घसरत असली की त्या बाजूला लहर खालच्या कोनातून निघते आणि लांब पोचते. यशवंत तलावाकाठी तंबू, दोन डायपोल, सगळ्यांचे सेट पाच वॅटचे. आप्पाही येणार आहेत. रात्री कळण्याची भाकरी आणि भरताची जबाबदारी माझी, मिरची तुझ्या सोसण्याएवढीच घालेन.

तू ये. महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगावला उतर, पुढे माझ्या गाडीतून जाऊ. सेट आणू नकोस, माझा एक जादा आहे. तुझा हेडफोन, जाड स्वेटर, कानटोपी आणि वही-पेन्सिल घे. पेन नको, थंडीत शाई अडते. तोवर पहिली दहा अक्षरं कानात बसव. परवाना नसताना की दाबता येणार नाही, पण आप्पांच्या शेजारी बसून तू उतरवून घेशील, आणि तुझी वही त्यांच्या वहीशी ताडून बघू. त्यानंतरही शंभर वॅटचा सेट हवासा वाटला तर मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येईन.

सुट्टी कधीपासून मिळते ते या आठवड्यातच कळव, गाडीत जागा धरून ठेवायची आहे.

तुझाच,
जळगावचा मित्र