तक्रार: कॅन्सरचे डोस ‘रिन्यूअलनंतर’ घेण्याचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, क्लेम विभाग

विषय: ट्रास्टुझुमॅब या कॅन्सरच्या औषधाचा खर्च मध्येच थांबवणे, इकोचं (हृदयाच्या सोनोग्राफीचं) बिल नाकारणे आणि आजचा फोन

तुमच्या कॉल सेंटरचा फोन आत्ताच ठेवला, म्हणून हे पत्र लेखी.

पत्नीला हर-टू पॉझिटिव्ह (HER2 हे प्रथिन जास्त असलेला) ब्रेस्ट कॅन्सर आहे. ऑपरेशनचे आणि केमोचे पैसे तुम्ही दिलेत, त्याबद्दल वाद नाही. वाद ट्रास्टुझुमॅबचा आहे. हे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षभर घ्यायचं असतं, हे तुमच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांना मी सांगायला नको. निम्मे डोसही झाले नाहीत तोच तुमचं पत्र आलं: औषध ‘मोनोक्लोनल अँटिबॉडी’ असल्याने ‘आधुनिक उपचारां’त मोडतं, त्याला सबलिमिट, म्हणजे विम्याच्या रकमेच्या आतली वेगळी मर्यादा, आहे आणि ती संपली. विम्याची मूळ रक्कम निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. तरी संपली.

हे औषध पहिल्यांदा मंजूर झालं 1998 साली. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. तुमच्याकडे मात्र ते अजून आधुनिकच आहे. जाहिरातीत ‘कॅन्सरलाही संपूर्ण संरक्षण’ हे केवढ्या अक्षरात छापता आणि सबलिमिटचा तक्ता केवढ्या, ते एकदा दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

आता आजचा फोन. तुमचे प्रतिनिधी उद्धट नव्हते, हे आधी नोंदवतो. फार गोड बोलत होते.

‘सर, सबलिमिट पॉलिसी वर्षाला असते. रिन्यूअल झालं की परत पूर्ण मिळेल.’

मी म्हटलं, रिन्यूअलला चार महिने आहेत.

‘हो सर, तेच सांगतोय. ट्रीटमेंट प्लॅन्ड आहे ना? इमर्जन्सी नाहीये?’

‘कॅन्सर आहे.’

‘ते समजलं सर. पण प्लॅन्ड आहे ना?’

मी हो म्हटलं. तारखा ठरलेल्या असतात, या अर्थाने प्लॅन्डच आहे. तिकडून की-बोर्डचा आवाज आला. बहुधा माझं ‘हो’ कुठल्यातरी रकान्यात गेलं असावं.

‘मग उरलेले डोस रिन्यूअलनंतर घ्या ना सर. तुमचाच फायदा आहे.’

हे कुठल्या डॉक्टरांना विचारून सांगताय, असं विचारलं, तर म्हणाले, ‘नाही सर, मी बेनिफिटच्या अँगलने सांगतोय.’ फोन स्पीकरवर होता. पत्नी समोरच बसली होती. ती म्हणाली, ‘रिन्यूअलची तारीख कॅन्सरला कोण कळवणार, ते विचार.’ मी विचारलं. उत्तर आलं, ‘सर, ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही.’

कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच दर वेळी ऐकवता. तो काढा आणि वरिष्ठांनी एका खोलीत बसून ऐका.

या सल्ल्यात निदान तुमचं तरी भलं असतं, तर मी समजू शकलो असतो. या औषधाचा डोस ठरल्या तारखेपासून आठवड्याहून जास्त लांबला, तर पुन्हा लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, द्यावा लागतो: वजनाच्या किलोमागे 6 मिलिग्रॅमच्या जागी 8. म्हणजे पेशंटला धोका आणि वर औषधही जास्त. कंपनीत हे ठाऊक असलेला एकही माणूस फोन उचलत नाही का?

इकोचंही तेच. ट्रास्टुझुमॅबचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून उपचार चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी इको करायचा असतो. तुमचा शेरा: ‘मूळ निदानाशी असंबंधित तपासणी’. शिवाय, हृदयविकार पूर्वीपासून होता का, याचा खुलासा मागितलाय. तिला हृदयविकार नाही. तो होऊ नये म्हणूनच तर इको आहे.

इतकी वर्षं एकही क्लेम न करता हप्ते भरले. भावालाही तुमचीच पॉलिसी घ्यायला लावली, आता त्याच्यासमोर तोंड वर करून बोलायची सोय राहिली नाही. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या एफडी मोडून झाल्यात. ‘दुसऱ्या कंपनीकडे जाईन’ अशी धमकीही देता येत नाही. कॅन्सरचा रिपोर्ट घेऊन आलेल्याला कोण उभं करतं? हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, म्हणूनच एवढा गोड आवाज परवडतो.

तेव्हा तिन्ही गोष्टी लेखी हव्यात. मूळ रक्कम शिल्लक असताना डोस का अडवले, ते कलम क्रमांकासह. इकोचं बिल कोणत्या डॉक्टरने ‘असंबंधित’ ठरवलं, त्यांचं नाव आणि नोंदणी क्रमांक. आणि पैसे वाचवण्यासाठी कॅन्सरचे डोस पुढे ढकला, असा सल्ला देणं हे कंपनीचं धोरण आहे की नाही. महिन्याभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर हेच पत्र विमा लोकपालांकडे जाईल, त्या रेकॉर्डिंगच्या मागणीसह.

पुढचा डोस येत्या सोमवारी आहे आणि तो सोमवारीच घेतला जाईल. त्याआधी मला समजावायला फोन करू नका.

— पॉलिसीधारक