ती भाकरी माझी नव्हती

१७ जुलै २०२२

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून तुला हसू येईल. गेल्या आठवड्यात दोनदा तुझा नंबर लावला आणि तू उचलण्यापूर्वीच ठेवून दिला. तू परत फोन केलास तेव्हा ‘चुकून लागला’ असे मी सांगितले. तो चुकून लागला नव्हता. जे सांगायचे आहे ते फोनवर बोलायला गेलो, तर तू मध्येच ‘जाऊ दे रे’ म्हणशील आणि मी खरोखरच जाऊ देईन, म्हणून लिहायला बसलो आहे. येथे सर्व ठीक आहे. आईचे गुडघे आणि माझी साखर, दोन्ही जागच्या जागी आहेत.

तुला आठवत असेल, २०२०च्या दिवाळीत तुझा फोन आला होता. शाळेतल्या विलगीकरणाच्या त्या चौदा दिवसांनंतर आपण प्रथमच नीट बोललो. ‘इष्ण्या, वेशीवर तू जे केलेस ते मी विसरणार नाही, पण भाकरीचे उपकारही विसरणार नाही,’ असे तू म्हणालास. क्षणभर मला वाटले, ग्रामपंचायतीने पाठविलेल्या शिध्याविषयी बोलतो आहेस. मग तू लसणाच्या ठेच्याचे नाव काढलेस, घमेल्याखाली झाकून ठेवलेल्या फडक्याचे सांगितलेस आणि माझ्या ध्यानात आले की हे काहीतरी निराळेच आहे. त्याच वेळी मी विचारायला हवे होते. मी म्हणालो, ‘अरे, त्यात काय एवढे?’

दत्ता, ती भाकरी मी दिली नव्हती. एकही दिवस दिली नव्हती. तुम्ही शाळेत होतात त्या दिवसांत मी रोज सकाळी फाटकापर्यंत येऊन तुमचा ताप मोजत होतो, वहीत आकडे लिहीत होतो आणि घरी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धूत होतो. तुझी मुक्ता फाटकाच्या गजांतून ‘काका’ म्हणून हाक मारायची आणि मी मास्कच्या आडून ‘लांब उभी राहा, बाळ’ म्हणायचो. पावणेदोन वर्षे मी तुझे आभार खिशात घालून फिरलो. शंभर रुपयांची खोटी नोट खपली की माणूस जसा मनातल्या मनात सुखावतो आणि दुकानदाराची नजर चुकवतो, तसे माझे झाले होते.

वेशीवरचा दिवस तू विसरला नसशील, पण माझ्या बाजूने तो कसा होता हे तुला कधी सांगितले नाही. आम्हा शिक्षकांना दक्षता समितीवर घेतले होते आणि तहसिलातून आलेल्या आदेशाच्या डोक्यावर ‘साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७’ असे छापलेले होते. बाभळीचे फेसाटे आणून रस्त्यावर टाकले ते तात्यांच्या मळ्यातले. त्याआधी ओढ्याजवळ पोरांनी जेसीबीने चर खणला होता, तो पोलिसांनी येऊन बुजवायला लावला. ज्यांच्या मनीऑर्डरींवर या गावाच्या पिढ्या जगल्या, ज्यांच्या वर्गणीतून देवळाचा कळस चढला, त्या मुंबईकरांना गाव आता ‘रोग घेऊन आलेले’ म्हणू लागले होते. कोणाच्या तरी मोबाइलवर रोज नवी अफवा यायची आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी व्हायची.

तू येण्याच्या आठवडाभर आधी, ८ मेच्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याहून चालत निघालेले आणि मध्य प्रदेशातल्या आपापल्या गावी जायचे असलेले ते लोक होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे ते छायाचित्र पेपरात आले, तेव्हा त्या काट्यांच्या अलीकडे खुर्ची टाकून बसलेल्या तुझ्या या मित्राच्या डोळ्यांत पाणी आले होते. तो पेपर मी जपून ठेवला. मग तू बाजारातल्या टेम्पोने लोणंदपर्यंत आणि तेथून पायी असा, डोक्यावर बॅग, हाताला मुक्ता, मागे वहिनी, उन्हाचा येऊन उभा राहिलास. ई-पास दाखवलास. मी उठून खुर्ची चार पावले मागे घेतली. तू माझ्याकडे पाहिलेस आणि म्हणालास, ‘गुरुजी, आमचे टेम्परेचर बघा.’

इष्ण्या नाही, विष्णू नाही, गुरुजी. चाळीस वर्षांत तू मला प्रथमच गुरुजी म्हणालास.

(फलटणच्या तळावर १९९६ साली माझ्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी वहाणा गेल्या, तेव्हा ‘माऊलीने नेल्या’ असे तू शपथेवर सांगितले होतेस आणि दिवाळीत त्या तुझ्या पायांत निघाल्या. एक गुरुजी गेला त्या वहाणांच्या खाती असे समजून मी स्वतःचे समाधान करून पाहिले. हिशेब जुळला नाही.)

दरवर्षी ३ जानेवारीला मी वर्गात सावित्रीबाईंची गोष्ट सांगतो. प्लेगात मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्याकडे निघाल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ला गेल्या, हे सांगताना माझा आवाज दर वर्षी त्याच जागी बदलतो. मुलांनाही ते पाठ झाले आहे. माझ्या टेबलावरच्या आदेशातला कायदा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला आहे, हे मात्र या वर्षी गोष्ट सांगता सांगता पहिल्यांदा माझ्या लक्षात आले. एकाच वर्षातल्या दोन गोष्टी माझ्यापुढे होत्या आणि मी त्यांतली कोणती उचलली होती, हे मुलांना सांगण्याची हिंमत झाली नाही. गोष्ट अर्ध्यावर सोडून मी प्रार्थनेची घंटा द्यायला लावली.

वेशीवरच्या त्या दिवसानंतरचे तुला माहीत आहे. २०२०च्या आषाढीला पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरीला गेल्या, बरोबर मोजकी वीस माणसे होती आणि आपण आयुष्यात प्रथमच वारी टीव्हीवर पाहिली. पुढच्या एप्रिलमध्ये तात्या गेले. त्यांना गावी आणू दिले नाही, हेही तुला माहीत आहे. तेव्हापासून माझा हरिपाठ सुटला होता. नास्तिक झालो असे म्हणण्याइतका मी शूर नाही. संध्याकाळी टाळ खुंटीवरून काढायचा, पुसायचा आणि परत अडकवायचा, एवढेच चालले होते. आईने एकदा विचारले, ‘देवाशी भांडलास का?’ मी म्हणालो, ‘नाही, बोलायला विषय नाही.’

या वर्षी दोन वर्षांनी पालखी पायी आली. नीरा नदीत पादुकांना स्नान झाले आणि माऊली आपल्या जिल्ह्यात आली. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण लागले, तेव्हा मी तेथे होतो. गर्दी विचारू नकोस. दोन वर्षांचे लोक एकदम आले होते. अश्व धावला, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, माझ्याही हातात कोणीतरी चिमूटभर ठेवली आणि खरे सांगतो, दत्ता, मला काहीही वाटले नाही. शेजारचा माणूस माती कपाळाला लावून होताच मोबाइल काढून ‘शपथविधी झाला का बघा’ म्हणत होता. पालखी आपल्या जिल्ह्यात असतानाच मुंबईत सरकार बदलत होते. मी चिमूट रुमालात बांधली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आपल्या गावाने दिंडीला पिठले-भाकरी द्यायची होती आणि भाकऱ्या गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. घरोघरी फिरत वरच्या आळीला नानीच्या दारात गेलो. होय, तीच नानी. बांध कोरला म्हणून तुझ्या वडिलांशी भांडलेली, अकरा वर्षे फलटणच्या कोर्टात तारखा खाल्लेली, तीन वेळा मोजणी आणलेली, जिच्या घरचे पाणी पिणार नाही अशी शपथ तू पांडुरंगाच्या मंडपात घेतली होतीस, ती.

तिने वीस भाकऱ्या मोजून दिल्या आणि वारकऱ्यांसाठी बुक्का देते म्हणून फळीवरची पत्र्याची डबी काढली. डोळ्यांना आता फारसे दिसत नाही, त्यामुळे डबी चुकली. झाकण उघडले तर आत खडू. लाल, पिवळे, निळे, बोटाच्या पेराएवढे तुकडे. मी मोजले, अकरा होते.

मी चौदा वर्षे त्या शाळेत आहे, मला माझे खडू ओळखू येतात. तुम्ही गेल्यावर माझ्या कपाटातली रंगीत खडूंची अर्धी पेटी संपलेली होती आणि ‘दत्ताच्या पोरीने भिंती रंगवल्या असतील’ असे मी हेडमास्तरांना सांगूनही टाकले होते. भिंतींवर तर एक रेघ नव्हती.

‘नानी, हे कुठले?’

‘तुमच्याच साळंतलं,’ ती म्हणाली. ‘पोरगी फडकं रिकामं धाडायची न्हाई. रोज एक बांधून ठिवायची. मला काय करायचंत? पण टाकवंना.’

मग मी दारातच बसलो आणि एकेक विचारीत गेलो. पहाटे चारला उठून ती भाकऱ्या थापायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात ठेच्यासकट बांधायची आणि हापशाशेजारच्या भिंतीवर घमेल्याखाली ठेवून उजाडायच्या आत परत यायची. तीन दिवस पोलीसपाटील शाळेपुढे बाज टाकून झोपला, तेवढे खाडे झाले. लेकाला, सुनेला पत्ता नव्हता. पिठाचा हिशेब लागेना म्हणून सून उंदरांचे औषध घेऊन आली होती म्हणे.

शाळेच्या फलकावर मी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते की विलगीकरणातील व्यक्तींशी संपर्क ठेवणाऱ्यास पाचशे रुपये दंड होईल. अक्षर किती सुरेख आले होते म्हणून तेव्हा सरपंचांनी कौतुकही केले होते. मी विचारले, ‘नानी, तुला बोर्ड दिसला नाही का?’ ती म्हणाली, ‘दिसला की. पर काय लिवलंय ते मला काय ठावं? मी साळंत गेले न्हाई म्हणून तर भाकरी गेली, गुरुजी.’

माझे हसू आणि रडू एकदमच आले. तिला वाटले, मला ठसका लागला, म्हणून तिने पाणी आणून दिले. तेच पाणी, दत्ता. मी प्यायलो.

मग मी तो प्रश्न विचारला, जो तूही विचारला असतास. ‘ज्यांच्याशी अकरा वर्षे कोर्ट खेळलीस, त्यांच्यासाठी?’ ती बराच वेळ बोलली नाही. भाकऱ्यांची चवड सारखी करीत राहिली. मग तिने सासूची आठवण सांगितली. पटकीची साथ आली की गावे मरीआईचा गाडा करायची आणि शिवेवर नेऊन पलीकडच्या गावाच्या हद्दीत ढकलायची. पलीकडचे गाव तो त्याच्या पलीकडे ढकलायचे. तिची सासू त्या गाड्याच्या मागून चालत गेलेली. ‘गाडा ढकलायचाच, त्याला इलाज न्हाई,’ नानी म्हणाली, ‘पर त्यात निवद ठिवल्याबिगर ढकलायचा न्हाई, असं सासूबाई म्हणायच्या. धाडताय ते धाडा, उपाशी कशापायी धाडायचं?’

बांधाविषयी तिचे मत बदललेले नाही, हे तुला सांगून ठेवतो. तो बांध तुझ्या वडिलांनीच कोरला, असे तिने उठता उठता मला पुन्हा एकदा ऐकविले.

तेव्हापासून मी हा विषय डोक्यात घोळवतो आहे. काट्यांच्या अलीकडे बसलेलो आम्ही सगळे गाव वाचवत होतो, असे मला अजूनही पूर्ण खोटे वाटत नाही. रोग होता, भीती खरी होती आणि आईचे वय मला दिसत होते. पण त्याच अंधारात, आमच्या सगळ्यांच्या पाळतीतून, एक म्हातारी लुगड्याच्या फडक्यात चार भाकऱ्या घेऊन जात होती आणि सात वर्षांची एक पोर तिला माझे खडू देत होती. दोघींनी एकमेकींचे तोंडही पाहिले नाही. टापांच्या मातीने मला जे झाले नाही, ते त्या पत्र्याच्या डबीने झाले. त्या संध्याकाळी टाळ खुंटीवरून काढला तो परत अडकवला नाही. बेसूर झाले, आईने आतून सांगितलेही. कुमठेकरांच्या बाबाने मात्र न विचारता दुसरा टाळ धरला.

तू आता माझ्यावर रागावशील आणि तुझा तो हक्क आहे. वेशीवरच्या गोष्टीची क्षमा मी मागत नाही, कारण पुन्हा तसा आदेश आला तर मी काय करीन हे मला ठाऊक नाही. ‘त्यात काय एवढे’ याची मात्र मागतो. ती भाकरी माझी नव्हती, हे वहिनींना आणि मुक्तालाही सांग.

मुक्ताची चौथी कशी चालली आहे? शिष्यवृत्तीची तयारी पुढच्या वर्षी, पण आतापासून गणिताकडे पाहा. तुझ्या पाठीचे काय? पन्नास किलोची पोती आता तरण्या पोरांना उचलू दे. खोलीचे हप्ते अजून किती आहेत? वहिनींना नमस्कार.

नानीला मी म्हटले होते की यातला एक खडू दत्ताला पाठवतो. तिने ऐकून घेतले, अकराच्या अकरा तळहातावर ओतून चाचपले आणि त्यातला पिवळा दिला. तो या पाकिटात, कापसात गुंडाळून ठेवला आहे. काढताना जपून काढ, मोडेल. तिला तो परत हवा आहे आणि टपालाने पाठवलेला चालणार नाही, असे तिने बजावले आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
इष्ण्या