मित्रास पत्र : लेकीच्या टाळूबद्दल

ठाणे, रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू एकामागून एक प्रश्न विचारत होतास आणि माझं लक्ष अर्धं ऑफिसात होतं. म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय. वरचा जबडा रुंद करायला लेकीच्या तोंडात, टाळूला स्क्रू बसवायचा म्हटल्यावर वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं असं म्हणालास. आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. आता धाकट्याचं सगळं नीट पार पडलंय, तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकतो. डॉक्टरांनी दाखवलेला दोष खरोखर तोच असेल, म्हणजे तिच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसत असतील, तर थांबू नका. नऊ वर्षं हे या कामाला फार चांगलं वय आहे.

तुला स्वतःला बघता येईल. तिला खुर्चीत बसव, मोबाइलची बॅटरी लाव आणि दाढांवर दाढा टेकवायला सांग. वरची रांग खालच्या रांगेच्या सगळीकडून किंचित बाहेर असायला हवी. ज्या बाजूला ती आत शिरलेली दिसेल, तो क्रॉसबाइट. मग तिला तोंड उघडून सावकाश मिटायला सांग आणि हनुवटीकडे नजर ठेव. दात टेकता टेकता हनुवटी एका बाजूला सरकते का? वरचा जबडा अरुंद असला की दात नीट जुळत नाहीत, म्हणून मूल खालचा जबडा सरकवून सोयीची जागा शोधतं. वाढीच्या वयात रोज असंच होत राहिलं, तर चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंची वाढ सारखी होत नाही. डॉक्टरांची घाई आहे ती एवढ्यासाठी. आत्या म्हणतात ना, सगळे दात पडून पक्के येऊ देत, मग बघू? पुढचे दात नुसते वेडेवाकडे असते तर कदाचित मीही तसंच म्हणालो असतो. पण हे दुखणं दातांचं नाही, हाडाचं आहे, आणि हाडाला वयाची मुदत असते.

वरचा जबडा आपल्याला अखंड वाटतो, पण तो दोन भागांचा असतो. टाळूच्या मधोमध जीभ फिरवलीस तर एक बारीक उंचवटा लागेल. दोन्ही भागांचा सांधा तिथे आहे. लहानपणी त्या सांध्याच्या कडा बऱ्याच सरळ आणि सुट्या असतात. वय वाढतं तशा त्या झिपेच्या दातांसारख्या एकमेकींत अडकत जातात. चौदा-पंधरा वर्षांनंतर तो सांधा नुसत्या स्क्रूने उघडेलच याची खात्री देता येत नाही. मोठेपणी हेच करायचं तर टाळूच्या हाडात छोटे स्क्रू बसवावे लागतात, नाहीतर शस्त्रक्रिया करून हाड सैल करावं लागतं. आज जे काम घरी बसून एका तारेच्या चावीने स्क्रू फिरवून होतंय, ते उद्या ऑपरेशन टेबलावर जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

या उपकरणाचा इतिहास वाचला तेव्हा मला फार धीर आला होता. 1860 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इमर्सन एंजेल नावाच्या दंतवैद्याने चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या जबड्यात असा स्क्रू बसवला आणि चावी त्या मुलीच्याच हातात दिली. ती तो फिरवत राहिली. दोन आठवड्यांत जबडा रुंदावला आणि पुढच्या दोन दातांत फट पडली. जबड्याची हाडं अशी वेगळी होऊ शकतात यावर त्याच्या व्यवसायबंधूंचा विश्वास बसेना. सिद्ध तरी कसं करणार? क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पस्तीस वर्षं होती! पुढे ही पद्धत बरीच मागे पडली. मग अमेरिकेतच अँड्र्यू हास यांनी आधी डुकरांवर प्रयोग केले, नंतर मुलांवर उपचार केले आणि 1961 मध्ये ते सगळं प्रसिद्ध केलं. तिथून ती पुन्हा रुजली. म्हणजे तुझ्या लेकीवर कुणी काही नवीन करून बघणार नाहीये, वहिनींना हे नक्की सांग.

तुझ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं ते हायरॅक्स. दाढांभोवती धातूचे पट्टे सिमेंटने चिकटवतात आणि टाळूच्या मधोमध, पण तिला न टेकणारा स्क्रू असतो. काढता-घालता येणारी प्लेटही मिळते, पण तिचा स्क्रू आठवड्यातून एक-दोनदाच फिरवतात, ती हाडापेक्षा दातांनाच जास्त कलवते, आणि मूल ती खिशात ठेवून शाळेत गेलं की काम थांबतं. तेव्हा चिकटवलेलं सुचवलं असेल तर कुरकुर करू नकोस.

आता चावी. सगळ्यांत जास्त भीती हिचीच वाटते, म्हणून नीट लिहितो. तिचं डोकं मांडीवर घे, मान थोडी मागे, उजेड भरपूर. चावीला आधी लांब दोरा बांध आणि तो मनगटाला गुंडाळ, म्हणजे हातातून सुटली तरी घशात जाणार नाही. पुढच्या बाजूला दिसणाऱ्या भोकात चावी घाल आणि घशाच्या दिशेने सरकव. त्याच्या जागी नवं भोक पूर्ण दिसेपर्यंत थांबायचं नाही, अर्ध्यावर सोडलंस तर दुसऱ्या दिवशी चावी आत जात नाही. मग चावी खालच्या बाजूने हळूच काढ, ती काढताना स्क्रू उलटा फिरू देऊ नकोस. एवढ्याने स्क्रू पाव फेरा फिरतो आणि साधारण पाव मिलिमीटर उघडतो. रोज एकदा म्हटलं तर चार आठवड्यांत सात मिलिमीटर होतात. दिवसातून एकदा की दोनदा, ते डॉक्टर ठरवतील. कॅलेंडरवर रोज खूण करा. एखादा दिवस राहिला तर आपल्या मनाने दुसऱ्या दिवशी दोन फेरे देऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

फिरवल्यावर तिला नाकाच्या मुळाशी आणि दातांत दाब जाणवेल. बहुतेक वेळा तो थोड्या मिनिटांत ओसरतो. सुरुवातीला ठणका लागला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देता येतं, डोस मात्र डॉक्टरांना विचारून घे. आमचा धाकटा स्वतःच डोळे मिटून "आता" म्हणायचा आणि मगच मी चावी फिरवायचो. त्याच्या हातात एवढा अधिकार दिला आणि रडणं थांबलं. तूही करून बघ, मुलाला आपल्या शरीराबद्दल काहीतरी ठरवता येतंय हे फार मोठं असतं.

मग एके दिवशी पुढच्या दोन दातांत फट दिसेल. वहिनींना आजच सांगून ठेव, कारण आरशात ती पहिल्यांदा दिसते तेव्हा पोटात गोळा येतो. पण ती फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण आहे, ती दिसायलाच हवी. हिरड्यांतले तंतू त्या दोन दातांना परत जवळ ओढतात आणि पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत ती आपोआप मिटते.

बोलणं काही दिवस बिघडेल. ट, ड, ण, ळ म्हणताना जिभेचं टोक वर टाळूकडे जातं, आणि तिथे तर हा स्क्रू! लाळही जास्त सुटते. शाळेत बाईंना आधी कळवून ठेव, म्हणजे वर्गात उभं राहून वाचायला लावणार नाहीत. घरी मात्र रोज मोठ्याने वाचायला लाव, जीभ लवकर वाट काढते. पहिले काही दिवस वरणभात, मऊ खिचडी, शिरा, दुधात कुस्करलेली भाकरी. चिक्की, तिळाची वडी, चॉकलेट आणि कडक शेव उपकरण निघेपर्यंत बंदच. पोळीचा घास स्क्रूच्या वर जाऊन बसतो. जेवणानंतर बिनसुईच्या सिरिंजने कोमट पाणी मारायचं, त्यासारखं दुसरं काही नाही. टाळू लाल झाली किंवा वास यायला लागला तर लगेच दाखव. पट्टा सैल वाटला तरी तसंच.

फेरे संपले की स्क्रू पक्का करून उपकरण तसंच तोंडात ठेवतात, तीन ते सहा महिने. या काळात घरचे म्हणू लागतात, झालं ना, मग काढा की! नाही. उघडलेल्या जागेत नवं हाड भरायला तेवढा वेळ लागतो, आधी काढलं तर जबडा पुन्हा आत येतो. डॉक्टर मुळात थोडा जास्तच रुंदावतात तेही यासाठी. आणि यानंतर दातांना तारा लागणारच नाहीत असं कुणी वचन दिलं असेल तर ते धरून बसू नकोस. पक्के दात आल्यावर बऱ्याच मुलांना लागतात.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करतो. याने घोरणं थांबेल, अंथरूण ओलं करणं थांबेल असं तुला कुणी सांगितलं म्हणालास. टाळू म्हणजेच नाकाचा तळ, त्यामुळे टाळू रुंद झाली की नाकातली वाटही थोडी मोकळी होते आणि काही मुलांना श्वास घ्यायला बरं वाटतं, हे खरं. पण जबडा अरुंद नसताना केवळ घोरण्यासाठी हा उपचार करू नये. ती तोंड उघडं टाकून झोपते ना? मग आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून अडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) आणि टॉन्सिल तपासून घे. अंगठा चोखायची सवय अजून असेल तर त्याचंही बघा, नाहीतर मिळवलेलं पुन्हा जाईल.

उपचार करणारा ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात-जबडे जुळवण्याच्या शाखेत, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेला असावा, एवढी चौकशी बिनसंकोच कर. मनाला पटत नसेल किंवा खर्चाचा ताण असेल तर यवतमाळहून नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात दाखव. तिथे या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तपासणीला जाताना आधीचे एक्स-रे आणि दातांचे साचे सोबत ने.

पहिल्या दिवशी चावी फिरवताना मला व्हिडिओ कॉल लाव, रात्री कितीही वाजले तरी चालेल. धाकटाही जागा राहतो म्हणालाय, त्याला तिच्याशी बोलायचंय. वहिनींना नमस्कार, लेकीला खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
नंदू